पेढ्याचं काय करायचं?

आमच्या सोसायटीतले चौथ्या मजल्यावरचे काका गेले, त्याला आता दोन वर्षं होतील. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चार-पाच शेजारी त्यांच्या हॉलमध्ये बसलो होतो. मुलगा न्यू जर्सीहून आलेला, त्याचं परतीचं तिकीट रविवारचं. मुलगी बेंगळुरूची. बँकेची कागदपत्रं, लॉकरची किल्ली, फ्लॅट भाड्यानं द्यायचा की कुलूप लावायचं, सगळं भराभर मार्गी लागत होतं. काका माणूस नीटनेटका. प्रत्येक एफडीला नॉमिनी, फ्लॅटला नॉमिनी, गॅसचं पुस्तकसुद्धा फायलीत लावलेलं. मग मुलगी हळूच म्हणाली, "आणि पेढ्याचं काय करायचं?"

पेढा म्हणजे काकांचा लॅब्रॅडॉर. रंग साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा, म्हणून ते नाव. वय तेव्हा सात. प्रश्न ऐकून प्रत्येकानं आपापल्या मोबाईलकडे पाहिलं, मीही पाहिलं. काकांचा फोन शोकेसवर चार्जिंगला लावलेला होता. सहा वाजले आणि त्याचा अलार्म वाजला. संध्याकाळच्या फेरीचा. दोन आठवड्यांत तो बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. पेढा सोफ्यामागून उठला, दाराशी जाऊन उभा राहिला आणि मान वळवून आमच्याकडे एकेकाकडे बघू लागला.

मी बँकेत तेहेतीस वर्षं काढली. खातं उघडायला आलेल्या माणसाला "नॉमिनी कोण?" हे विचारायची मला इतकी सवय, की घरी आलेल्या पाहुण्यालाही विचारेन. आमच्या वेळी एका खात्याला एकच नॉमिनी असायचा. 1 नोव्हेंबर 2025 पासून नियम बदलला. आता बँकेतल्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. म्हणजे तीन लाखांच्या एफडीमागे चार माणसं उभी करायची सोय झाली. पेढ्याच्या मागे एकही नव्हतं. आणि हे त्याच घरात, जिथं दिवाळीच्या फोटोत तो मधोमध बसलेला असायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुण्यात घरातलं जनावर हा घरचा माणूस मानायची पद्धत आता रुळली आहे, चांगलं आहे. पण घरच्या माणसाची जी सोय आपण लावतो, ती त्याची लावत नाही. आपल्यामागे याला कोण बघणार, हे लेखी असल्याशिवाय कुत्र्या-मांजराची नोंदणी होता कामा नये. महापालिकेच्या अर्जात 'दुसरा पालक' असा एक रकाना हवा, आणि त्या रकान्यात सही करणारं हाडामांसाचं माणूस हवं.

लगेच कुणीतरी म्हणेल, नोंदणी? ती करतं कोण? खरं आहे. पुण्यात कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो, त्यासाठी रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, हे किती घरांत माहीत आहे? आमच्या ब्याऐंशी फ्लॅटच्या सोसायटीत अकरा कुत्री आहेत आणि परवाने दोन. 2022 मध्ये मांजरांनाही नोंदणी लागू करायचं ठरलं तेव्हा शहरानं विनोद करून घेतले आणि विसरून गेलं. मग 2025 च्या फेब्रुवारीत हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं असल्याची बातमी आली. ती कळली कशी? शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली म्हणून. कुठल्या घरात किती जनावरं आहेत हे शोधायला ज्या शहराला नाकच वापरावं लागतं, तिथं 'नंतर कोण बघणार' हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा?

लोक नोंदणी करत नाहीत याचं कारण आळस एवढंच नाही. त्या परवान्याचा मालकाला उपयोग काहीच नाही. पैसे भरा, कागद घ्या, ड्रॉवरमध्ये टाका. महापालिकांच्या 1949 च्या कायद्यात करांच्या यादीत 'कुत्र्यांवरील कर' असा उल्लेख आहे. परवान्याकडे लोक अजून त्याच नजरेनं बघतात, वसुलीची एक बाब म्हणून. तो कागद ज्या दिवशी आपल्या कुत्र्याची काळजी घेणारा कागद वाटेल, त्या दिवशी लोक रांग लावतील. निदान कोथरूडमध्ये तरी लावतील. आम्हाला रांगेचं वावडं नाही.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, असं माझ्या वयाचे लोक म्हणतात. अर्धं खरं आहे. मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. तिथं काळ्या नावाचा कुत्रा होता. कुणाचा? वाड्याचा. सकाळची शिळी पोळी खालच्या बिऱ्हाडात, दुपारचा भात आमच्याकडे, रात्रीचं मागच्या खोल्यांत राहणाऱ्या आजींकडे. आजी गेल्या तेव्हा काळ्यानं फक्त रात्रीचं जेवायचं दार बदललं. चार दारं होती, एक बंद झालं. त्याला नॉमिनी लावायची गरज नव्हती, अख्खा वाडाच नॉमिनी होता.

पण म्हणून वाड्याचे गोडवे गायला मी बसलेली नाही. काळ्याला आयुष्यात एकही लस मिळाली नाही. आमच्याच वाड्यातल्या एका मुलाला रस्त्यावरचं कुत्रं चावलं आणि त्याला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. सकाळी त्याला रिक्षात घालायचे तेव्हा तो जो आवाज काढायचा, तो मला अजून ऐकू येतो. ती जुनी लस आपल्याकडे 2005 च्या सुमारास बंद झाली, हे त्या पिढीच्या पोटांवर उपकारच. कुत्री धरायची गाडी आली की आम्ही काळ्याला जिन्याखाली कोंडून ठेवायचो, कारण गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नसे. आजचा फ्लॅटमधला कुत्रा त्या मानानं राजा आहे. वर्षाला लस, गोचिडांचं औषध, पावसाळ्यात रेनकोट. फक्त त्या राजाला दार एकच आहे. ते बंद झालं की संपलं.

मुद्दा इथंच अडतो. वाड्यात जनावर सामाईक होतं, फ्लॅटमध्ये ते खाजगी झालं. खाजगी झालं तेव्हा त्याची निगा वाढली आणि आधार घटला. जो आधार वाड्यात आपोआप मिळत होता, तो आता कागदावर उभा करावा लागेल. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

यात पुण्याची म्हणून एक खास गोष्ट आहे. मुलगा-मुलगी परदेशात आणि आई-वडील इथं, असं घर आमच्या भागात दर मजल्यावर एक सापडेल. या घरांत कुत्रा दोन वाटांनी येतो. एक, मुलं तिकडून ठरवतात, "आईबाबांना सोबत होईल", आणि वाढदिवसाला पिल्लू येतं. दुसरी, मुलानं हिंजवडीत नोकरी करताना हौसेनं आणलेलं पिल्लू, त्याचा टोरांटोचा व्हिसा आला की आजी-आजोबांच्या पदरात पडतं. लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षं जगतो, आपलं गावठी कुत्रं त्याहून जास्त, मांजर तर घरात नीट राहिलं तर पंधरा वर्षं सहज. सदुसष्टाव्या वर्षी पिल्लू घेणाऱ्यानं हा हिशेब साधा बोटांवर करावा. काकांनी तो केला नव्हता. एफडीची मुदत कधी संपते हे त्यांना तोंडपाठ होतं.

आणि 2020 ची पिल्लं विसरू नका. टाळेबंदीत घरात बसून कंटाळलेल्या मुलांसाठी किती घरांनी बीगल, शित्झू, अगदी हस्कीसुद्धा आणले! एप्रिलमध्ये चाळिशीला टेकणाऱ्या पुण्यात बर्फाळ प्रदेशातला हस्की. ती पिल्लं आता मध्यमवयाला आलीत आणि ज्या मुलांसाठी आणली ती बारावीच्या क्लासला किंवा एमएसच्या तयारीला लागलीत. गेल्या हिवाळ्यात वेताळ टेकडीवर मी एक हस्की पाहिला. गळ्यात पट्ट्याची खूण, केस झडून पडलेला माग, नखं मात्र नीट कापलेली. ती नखं बघून माझ्या पोटात कालवलं. कुणीतरी त्याचा पंजा मांडीवर घेऊन ती कापली होती, आणि कुणीतरी, कदाचित त्याच हातांनी, त्याला गाडीतून इथवर आणून सोडलं होतं.

सोडून देणं हा गुन्हा आहे, हे सांगायला हवं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. उपाशी-तहानलेलं राहून हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं त्यात बसतं. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज धड मिसळ येत नाही. दंड वाढवण्याचा मसुदा केंद्र सरकारनं 2022 मध्ये लोकांपुढे ठेवला होता, पण नुसता दंड वाढवून काय होणार हाही प्रश्नच आहे. ज्या कुत्र्याची नोंदच नाही, त्याचा मालक शोधायचा कसा? कानामागे नाव लिहिलेलं नसतं. नोंदणीबरोबर मायक्रोचिप बसवली तर निदान पत्ता लागेल. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप, मानेच्या कातडीखाली एका सुईत बसते.

भटक्या कुत्र्यांवरचं भांडण मी इथं मुद्दाम लांबवत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या ऑगस्टमधल्या दोन आदेशांनी, 11 तारखेचा दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि 22 तारखेचा नसबंदी-लस करून बहुतेकांना परत सोडण्याचा, देशभर घराघरांत वाद पेटवला आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून तिघे जण बाहेर पडले. पण त्या सगळ्या वादात कुणी विचारलं नाही, की रस्त्यावर आलेल्यांपैकी काही आपल्याच सोफ्यावरून उतरलेत, त्याचं काय.

सोसायट्यांचंही तेच. आमच्या सर्वसाधारण सभेत कुत्र्यांवर तीन तास चर्चा होते: लिफ्ट, शी, भुंकणं. मी स्वतः सेक्रेटरी असताना, 2012 मध्ये, 'पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये मज्जाव' अशी नोटीस सही करून लावली होती. तेव्हा ती मला फार न्याय्य वाटली. पुढे 2015 मध्ये भारतीय पशुकल्याण मंडळाचं परिपत्रक आलं आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, की सभेत बहुमत झालं तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, भुंकणं हे काही हाकलायचं कारण नाही. पट्टा लावा, घाण उचला, हेही त्यात आहे. आमचे श्वानप्रेमी ते पान सहसा वाचत नाहीत. मी ती नोटीस काढून टाकली. पण आज मागे वळून बघताना वाटतं, चुकीच्याच प्रश्नावर आम्ही इतकी वर्षं भांडलो. कुत्रा लिफ्टमधून जावा की जिन्यानं, हे विचारलं. त्याला नेणारा हात उद्या नसला तर कोण नेणार, हे एकदाही विचारलं नाही. वास्तविक सोसायटी सभासदाकडून फ्लॅटचा नॉमिनेशन फॉर्म घेतेच. त्याच दिवशी आणखी अर्धं पान भरून घ्यायला काय खर्च येतो?

आता आक्षेप. सगळ्यात जड आक्षेप माझ्या धाकट्या जावेचा आहे. ती म्हणते, "वहिनी, इथं म्हाताऱ्या माणसांचं कोण बघणार ते ठरलेलं नाही, आणि तुम्ही कुत्र्यांचे वारस शोधताय." ती एका वृद्धाश्रमात आठवड्यातून दोनदा जाते, तेव्हा तिला बोलायचा हक्क आहे. मी तिला एवढंच म्हटलं, की तुझ्या आश्रमातल्या किती जणांनी तिथं यायला उशीर केला, केवळ घरात मांजर होतं म्हणून? तिनं मोजले नव्हते, पण एक आजोबा तिला लगेच आठवले. पडून मांडीचं हाड मोडलं तरी दवाखान्यात भरती व्हायला तयार नव्हते. बोक्याला कोण बघणार, हे एकच टुमणं. माणसाची सोय आणि जनावराची सोय या दोन वेगळ्या फायली नाहीत. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात तर ती एकच फाईल असते.

मग म्हाताऱ्यांनी जनावर पाळूच नये? हा दुसरा आक्षेप, आणि तो मला अजिबात मान्य नाही. ज्यांना दिवसभर बोलायला कुणी नाही, ज्यांना सकाळी उठायला कारण लागतं, त्यांच्याकडूनच ते काढून घ्यायचं? काकू गेल्यावर काका वर्षभर खाली उतरले नव्हते. पेढ्यानं त्यांना उतरवलं. सत्तरीतल्या माणसानं पिल्लाऐवजी आठ वर्षांचं, शांत झालेलं कुत्रं घरी आणावं. असली कुत्री निवाऱ्यांत वाट बघत बसलेली असतात आणि पिल्लांपुढे त्यांना कुणी विचारत नाही. आणि दुसरा पालक आधी ठरवावा. वय हा अडथळा नाही, रिकामा रकाना हा आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: नावं देतील कुणाचीही, पाळणार कोण? बरोबर. नॉमिनी लावलेल्या एफडीवरूनही भावंडं कोर्टात जातात. पण नॉमिनीच्या रकान्यानं एक काम नक्की केलं. माणसाला काउंटरवर उभं राहून अर्धा मिनिट विचार करायला लावला. तो अर्धा मिनिट मी हजारो चेहऱ्यांवर पाहिलाय. पेन थांबतं, माणूस बायकोकडे बघतो, नाहीतर खिडकीबाहेर. पिल्लू घेताना तो अर्धा मिनिट कुणी घेत नाही, कारण तेव्हा पिल्लू हातात असतं.

पैशाचं काय? आपल्या कायद्यात जनावर ही मालमत्ता आहे, वारस नाही. पेढ्याच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत. पेढ्याला सांभाळण्यासाठी म्हणून माणसाला किंवा ट्रस्टला देता येतात. 2024 मध्ये रतन टाटा गेले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात टिटो या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद असल्याच्या बातम्या सगळ्यांनी कौतुकानं वाचल्या. "टाटांचं ठीक आहे हो," असं म्हणून पेपर घडी करून ठेवला. अहो, यात टाटा असण्याचा काय संबंध? माझ्या मांजराचा, ठमीचा खर्च महिन्याला दोन-अडीच हजार येतो. काकांच्या पेढ्याचा पाच-सहा असेल. मृत्युपत्रात दोन ओळी वाढवायला वकील वेगळे पैसे मागत नाही.

महापालिकेकडे मी आणखी एकच गोष्ट मागेन. मालक अचानक गेला, किंवा दवाखान्यात भरती झाला, तर घरातलं जनावर पंधरा दिवस ठेवायला जागा. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी केंद्रापासून वेगळी. सोफ्यावर झोपणारं कुत्रं एकदम पिंजऱ्यांच्या रांगेत गेलं की काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळी का, ते समजावावं लागणार नाही.

'पेट पेरेंट' हा शब्द मला झेपत नाही, हे कबूल करते. आपली पाळण्याची भाषा जास्त खरी आहे. मराठीत कुत्रा पाळतात, तसा शब्द पाळतात, वेळ पाळतात, व्रत पाळतात, सुतकही पाळतात. यातलं एकही काम हौस संपली म्हणून मध्येच सोडता येत नाही, किंवा सोडलं तर लोक नाव ठेवतात.

पेढ्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी त्याला फिरवून मी आणलं. रविवारी मुलगा गेला. मुलीच्या भाड्याच्या घरात 'नो पेट्स'. कुणीतरी सुचवलं, मुळशीकडे एकाची शेती आहे, मोकळा राहील; 'शेतावर दिला' याचा अर्थ काय असतो हे माहीत असल्यानं मी कडाडून विरोध केला, पण घरात ठमी असल्यानं स्वतः घेतला मात्र नाही. ते अजून टोचतं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या शिकणाऱ्या मुलींकडे एक महिना. मग वाघोलीचं एक कुटुंब, व्हॉट्सॲपवर शोधलेलं, दोन महिने. त्यांच्या बाळाला ॲलर्जी निघाली. चौथ्या महिन्यात तो खायचा थांबला. लॅब्रॅडॉर खात नाही, म्हणजे काय ते कुत्रं पाळणाऱ्यालाच कळेल.

आता तो सिंहगड रोडला एका बाईंकडे आहे. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "आणि तुमच्यानंतर?" मला वाटलं, रागावतील. त्या उठल्या, पेढ्याचं लशीचं पुस्तक आणलं आणि शेवटच्या कोऱ्या पानावर भाच्याचं नाव, फोन नंबर लिहिला. भाच्याला तिथंच फोन लावून विचारलंही, स्पीकरवर. तो "हो" म्हणाला आणि मग म्हणाला, "मावशी, पण लिहून ठेव त्याला काय लागतं ते." मागच्या महिन्यात गेले तेव्हा ते पान भरलेलं होतं. भोपळा उकडून द्यावा. दिवाळीत फटाक्यांना घाबरतो, बाथरूममध्ये झोपू द्यावं, दार लावू नये. सहा वाजता फिरायला न्यावं, उशीर झाला तर दाराशी जाऊन उभा राहतो.